कोरड्या डोंगरावर चर खणायच्या आधी: पाऊस, माती आणि गवत कसं वाचायचं

उन्हाळा आला की आपल्याकडं गावोगावी डोंगरावर काम काढायचं ठरतं. कुणी म्हणतं चर खणू, कुणी म्हणतं हजार झाडं लावू, आणि ग्रुपवर पोकलेन कधी येणार याची चर्चा सुरू होते. लोकं घाम गाळायला तयार आहेत ही फार मोठी गोष्ट आहे, म्हणूनच मला वाटतं की तो घाम चुकीच्या जागी जाऊ नये. खणायच्या आधी एक वर्ष, निदान एक पावसाळा तरी, आपला डोंगर नीट वाचून काढा. तो कसा वाचायचा तेच इथं सांगतोय, लागणारं सामान घरातलंच आहे.

मी हे सातारा जिल्ह्यातलं माण-खटाव डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे महादेव डोंगररांग, दहिवडी, म्हसवड, शिखर शिंगणापूर, वर्धनगड, महिमानगड हा पट्टा, जिथं एका बाजूचं पाणी माणगंगेतून भीमेला जातं आणि दुसऱ्या बाजूचं येरळेतून कृष्णेला. पण आटपाडी, जत, सांगोला, पुरंदरची पूर्व बाजू, पारनेर, संगमनेरचं पठार इथल्या लोकांनाही बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल. कोकणातल्या किंवा मावळातल्या डोंगराला मात्र हे लावू नका, तिथलं गणितच वेगळं.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. हा डोंगर उजाड नाहीये. मार्च-एप्रिलमधे बघितला तर पिवळा, दगडांचा, मेल्यासारखा दिसतो, आणि तेव्हाच आपण सगळे तिथं कामाला जातो म्हणून आपला समज होतो की इथं काहीच नाही. तोच डोंगर ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमधे बघा. हा मुळात गवताचा डोंगर आहे, मधेमधे विखुरलेली काटेरी झाडं असलेला. जंगल होतं आणि ते तुटलं असं सगळीकडंच झालेलं नाही, आणि जिथं माती वीतभर पण नाही तिथं दाट जंगल कधी उभं राहणार पण नाही.

पाऊस

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथनं सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, कधी त्याहून पण कमी. वारं तेच, ढग तेच, पण सह्याद्री चढताना ते पाणी टाकतात आणि अलीकडं उतरताना हवा तापत जाते, कोरडी होत जाते, म्हणून जुलैमधे आपल्याकडं नुसता वारा सुटतो आणि भुरभुर येते. आपला खरा पाऊस दोन हप्त्यांत येतो. एक वळवाचा आणि मृगाचा, दुसरा उत्तरा-हस्ताचा म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यापर्यंत, आणि मधे जुलै-ऑगस्टमधे लांबलचक खंड. वर्षाची सरासरी सांगून म्हणून काही कळत नाही, खंड किती दिवसांचा पडला ते कळलं पाहिजे, कारण नवीन लावलेलं रोप मरतं ते खंडात मरतं.

म्हणून पहिलं काम, पाऊस स्वतः मोजा. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा त्यातच बसवा. तळ उंचसखल असतो म्हणून आधी थोडं पाणी ओतून एक रेघ मारा, ती शून्याची रेघ, आणि तिथनं वर पट्टी धरून खुणा करा, एक सेंटीमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. उघड्यावर, झाडापासून लांब, कमरेएवढ्या उंचीवर बांधा. एक गावात आणि एक डोंगराच्या माथ्याजवळ अशा दोन ठेवल्या तर फारच चांगलं, एकाच गावात वरनं खाली केवढा फरक पडतो ते बघून लोकं चकित होतात. रोज सकाळी आठला बघायचं, वहीत लिहायचं, पाणी शून्याच्या रेघेवर आणायचं. शाळेतली पोरं हे काम मोठ्या माणसांपेक्षा नेटानं करतात.

आता हिशोब करा. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. वळवाचा चाळीस मिलिमीटरचा एक झटका म्हणजे हेक्टरी चार लाख लिटर, आणि ते पण अर्ध्या-पाऊण तासात, आणि ते पण नेमकं जमीन सगळ्यात उघडी असताना, कारण मे महिन्यात वर गवताचं पान शिल्लक नसतं. वर्षातली सगळ्यात जास्त माती धुपून जाते ती अशा दोन-तीन झटक्यांत, श्रावणसरींनी नाही.

उलट बाजूनं उन्हाचा हिशोब. आपल्या भागात उघड्या पाण्याचं वर्षभरातलं बाष्पीभवन दीड हजार मिलिमीटरच्या वर जातं, म्हणजे पडतो त्याच्या तिप्पट उडून जाऊ शकतं. इथलं मूळचं गवत हे सगळं धरूनच बनलंय, पाऊस आला की आठवडाभरात हिरवं, खंड पडला की पानं गुंडाळून बसतं, आणि दिवाळीनंतर वरनं वाळून जमिनीखाली जिवंत राहतं.

आणि डोंगराच्या बाजू बघा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सूर्य दक्षिणेकडनं जातो, त्यामुळं दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या उतारावरची ओल लवकर जाते आणि उत्तरेकडच्या उतारावर ती कितीतरी दिवस जास्त टिकते. एकाच टेकडीच्या उत्तरेच्या अंगाला झाडी आणि दक्षिणेच्या अंगाला नुसतं गवत दिसतं ते यामुळं पण असतं. सगळ्या डोंगराला एकच प्लॅन लावला की निम्मं काम वाया जायचं ठरलेलं.

दगड आणि माती

आपला सगळा डोंगर लाव्हाचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेले त्याचा. लांबनं बघितलं तर पायऱ्या दिसतात, कडा, मग सपाटी, परत कडा. कड्याचा काळा घट्ट दगड म्हणजे पाषाण, आणि सपाटीचा ठिसूळ, भोकं असलेला, पांढरे दाणे भरलेला तो मांजऱ्या. मांजऱ्या लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो, आणि पाणी त्यातनं मुरतं. दोन थरांच्या मधे कुठं कुठं गेरूसारखा लाल थर असतो, त्यातनं पाणी खाली जात नाही, आडवं सरकतं आणि उताराला पाझरतं. उन्हाळ्यात डोंगराच्या मधल्या अंगाला एकाच उंचीवर ओळीनं हिरवी झुडपं दिसली तर तिथं असा पाझर असण्याची शक्यता खूप, ती ओळ नकाशावर मांडून ठेवा, पुढं पाणवठ्यासाठी हीच जागा कामाला येते.

मातीसाठी वरनं खाली एक सरळ रेघ धरून चाला, माथा, वरचा उतार, मधली सपाटी, पायथा, ओढ्याचा काठ. प्रत्येक ठिकाणी लोखंडी सळई (बोटाएवढी जाड पुरते) हातानं दाबून बघा किती जाते, आणि एकाच जागी नाही तर दहा-बारा जागी, कारण दगडावर आपटली तर उगाच वाटतं माती नाही. माथ्यावर बहुतेक ठिकाणी बोटभर ते वीतभर जाते, खाली लगेच मुरूम किंवा कातळ. मधल्या सपाटीवर वीत-दीड वीत, आणि पायथ्याला, ओढ्याकडेला हातभर किंवा जास्त. वरची लालसर-करडी बरड आणि खालची काळी या दोन्ही एकाच दगडापासून झालेल्या, वरची जागेवर राहिलेली भरड, खालची वाहत आलेली बारीक. काळी फुगते आणि भेगाळते, बरड तसं काही करत नाही पण पाणी पण धरत नाही.

मग तीन साध्या परीक्षा, यावर कंजूषी करू नका कारण पुढचा सगळा निर्णय यावर आहे.

पहिली बाटलीची. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर, भरपूर हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू एक-दोन मिनिटांत खाली बसते, तिच्यावर पोयटा काही तासात, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. थर पट्टीनं मोजा. माथ्याच्या बाटलीत बहुतेक सगळी वाळू-खडेच दिसतील आणि पायथ्याच्या बाटलीत उलटं.

दुसरी चुन्याची. खणताना पांढरे खडे लागले की त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की चुनखड. आपल्याकडं खालच्या जमिनीत चुनखड सर्रास असते, आणि अशा जमिनीत बाहेरनं आणलेली बरीच रोपं केवडा पडून पिवळी पडतात, लोह असून पण मिळत नाही त्यांना. हिवर, बोर, बाभूळ यांचं तसं होत नाही, ती इथलीच.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, पाणी मुरण्याची. दूध पावडरचा किंवा तेलाचा डबा दोन्हीकडनं कापा, जमिनीत दोन-तीन सेंटीमीटर घुसवा, एकदा पाणी टाकून जमीन ओली होऊ द्या, मग आतनं अडीच सेंटीमीटर उंचीला येईल एवढं पाणी ओता आणि मोबाईलवर वेळ लावा. एकदा गवताच्या ठोंबाला लागून करा, एकदा दोन ठोंबांमधल्या उघड्या जागेवर, एकदा मेंढरांच्या पायवाटेवर. एकाच डोंगरावर, पाच पावलांच्या अंतरात, वेळ कित्येक पट बदलते. गवताची मुळं, मुंग्या, वाळवी यांनी जमीन पोकळ केलेली असते तिथं पाणी गटकन जातं, आणि पावसाच्या थेंबांनी आपटून आपटून वर पापडी धरलेल्या जागेवर तसंच तरंगत राहतं. गावातल्या लोकांना हे एकदा डोळ्यांनी दाखवा. गवत म्हणजे लाखो बारीक पाझर तलाव आहेत हे भाषण देऊन पटत नाही, डबा दाखवला की पटतं.

गवत

गवत ओळखायला सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जा, तेव्हा तुरे आलेले असतात. सोबत गावातला एखादा मेंढपाळ किंवा जुनी गुरं राखलेली म्हातारी माणसं घ्या, त्यांच्याएवढं गवत कुणाला कळत नाही, फक्त नावं गावागणिक बदलतात म्हणून प्रत्येकाचा फोटो काढून त्यावर गावातलं नाव लिहून ठेवा.

१९७३ मधे देशभरातल्या गवताची जी पाहणी छापली गेली तिच्यात भारताचे गवताचे पाच मोठे पट्टे पाडलेत, त्यातला आपल्या दख्खनचा पट्टा शेडा आणि मारवेलचा. म्हणजे डोंगराला त्याच्या मनासारखं राहू दिलं तर उतारावरच्या मुरमाड जमिनीत शेडा (काही ठिकाणी पवन्या म्हणतात), जरा खोल जमिनीत मारवेल, सोबत डोंगरी गवत, आणि खाली काळ्या ओलसर खोलगटात मोशी. ही सगळी वर्षानुवर्षं जगणारी, ठोंब धरणारी, जनावरांच्या आवडीची. आवडीची आहेत म्हणूनच चराई जास्त झाली की पहिल्यांदा हीच संपतात.

ती संपत गेली की जागा घेते ती कुसळी. कुसळी कोवळी असताना जनावरं खातात, पण तुरा आला की तिच्या कुसळांनी मेंढरांची लोकर भरते, तोंडाला, डोळ्याला जखमा होतात. एक कुसळ तळहातावर घेऊन बघा. खाली टोकदार बी, त्याच्यावर मागं वळलेले बारीक सोनेरी केस, आणि वर पीळ असलेली लांब काळसर शेपटी. त्या शेपटीवर पाण्याचा थेंब टाका आणि हलवू नका, पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ आपोआप फिरतं. वाळलं की परत पीळ भरतो. ओल-वाळ, ओल-वाळ असं होत होत ते बी स्वतःला जमिनीत घुसवत जातं, आणि मागं वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. कडक पापडी धरलेल्या जमिनीत दुसऱ्या गवताचं बी वरच पडून मुंग्यांच्या तोंडी जातं आणि कुसळी मात्र रुजते, आणि वणव्यात पण जमिनीत गेलेलं हे बी वाचतं. म्हणून कुसळीचा डोंगर दिसला तर समजा की इथं चराई आणि आग दोन्ही बरीच वर्षं चाललीत, पण ठोंब धरणारं गवत अजून आहे, म्हणजे परत फिरता येतं.

त्याच्या खालची पायरी म्हणजे बारीक, एकसाली, तारेसारखं गवत, हाताला लागेल न लागेल असं, आणि मधेमधे तरवड, रुई. तरवडाला शेरडं सुद्धा तोंड लावत नाहीत, त्यामुळं तो वाढत जातो. टाकळा आणि गाजरगवत दिसलं तर तिथली जमीन नुकतीच कुणीतरी उकरलीय किंवा जनावरं बसतात असं धरा, नवीन चराच्या भरावावर हीच दोन पहिल्यांदा येतात ते तुम्ही पण बघितलं असेल. गवताच्या मधे बरबडा, रानमूग, उन्हाळी, विष्णुक्रांता असली शेंगवाली नि बारीक फुलांची झाडं दिसली तर चांगलं लक्षण, शेंगवाली नत्र देतात आणि आपल्या या जमिनीत नत्र आणि स्फुरद दोन्ही कमीच असतं.

मोजायचं कसं, तर शंभर पावलं सरळ चाला, प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकापाशी काय आहे ते सोबतच्याला लिहायला सांगा, चांगलं गवत, कुसळी, एकसाली, झुडूप, दगड, उघडी माती. शंभर नोंदी झाल्या की तीच टक्केवारी. डोंगराच्या प्रत्येक भागात अशा तीन-चार रेघा काढा. उघड्या मातीचा आकडा सगळ्यात आधी बघा, धूप त्यावर ठरते.

झाडं

झाडाविरुद्ध मी नाही, पण कुठलं आणि कुठं हे डोंगराला विचारा. विचारायचं म्हणजे आपोआप आलेलं झाड कुठं उभं आहे ते बघायचं. हिवर, खैर, बोर, मेडशिंग, हेंकळ, नेपती ही इथली मंडळी, आणि ती कुठं आहेत बघा, घळीत, कड्याच्या खालच्या दगडांच्या राशीत, ओघळीच्या काठाला, जिथं दगडाच्या फटीतनं मुळाला खाली जायला वाट आहे. उघड्या माथ्यावर एखादंच. हिवराच्या शेंगा ऐन उन्हाळ्यात मेंढरांना, शेरडांना मिळतात, त्याची सावली विरळ म्हणून खाली गवत पण येतं, मला विचाराल तर या डोंगरासाठी हिवरासारखं झाड नाही.

जिथं चांगलं गवत आहे अशा सपाटीवर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांच्या ओळी लावणं हे मला फार खटकतं. सावली पडली की शेडा-मारवेल जातात, आणि त्यासोबत तिथं जगणारं सगळं जातं. चंडोल, धाविक, टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तीही उन्हाळ्यात, नेमकं आपलं श्रमदान चालू असताना, त्यामुळं कामाच्या आधी त्या पट्ट्यातनं हळू चालत एक फेरी मारा आणि पक्षी सारखा ओरडत समोर येत असेल तर ती जागा सोडून पुढं काम धरा. नुसत्या गवताला राखलं तर काय राहतं ते बघायचं असेल तर बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बघून या, १९९७ ला झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा तिथं डोळ्यासमोर चरताना दिसतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं काळविटांचं रेहेकुरी पण तसंच. आणि कड्याकपारीत तर शिंदळ माकुडीसारखं झाड असतं, शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर उगवणारं, जगात दुसरीकडं कुठं नाही. कडे सुटे करणं, सुरुंग लावणं, वरनं दगड ढकलणं, हे करू नका.

मग करायचं काय

जिथं सळई वीतभर पण गेली नाही तिथं खणू नका. दोन फूट रुंद, फूटभर खोल चर मारला की वर येतो तो मुरूम, तो होत्या त्या मातीवर पडतो आणि होतं ते गवत मरतं. अशा ठिकाणी तिथलेच सुटे दगड गोळा करून समपातळीवर बुटक्या दगडी ताली रचा, गुडघ्याच्या खालपर्यंत उंची पुरे, एक-दोन पावसाळ्यात मागं माती अडकते. जमिनीत घट्ट रुतलेले दगड उपटायचे नाहीत, त्यांच्याखाली ओल असते आणि गवताचं बी पण तिथंच अडकतं. ओघळींना वरच्या टोकापासून दगडांचे छोटे बांध घालत खाली या, खालनं वर जाऊ नका.

चर कुठं, तर जिथं माती वीत-दीड वीत आहे, उघडी जागा जास्त आहे, आणि पाणी डब्यात तरंगत होतं. समपातळी रेघ ए-फ्रेमनं (इंग्रजी A सारखी लाकडी चौकट) किंवा पाण्याच्या नळीनं काढायची हे आता गावोगावी पोरांना येतं, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात हजारो लोकं ते शिकली. भराव खालच्या बाजूला, आणि भरावावर त्याच पावसाळ्यात गवत लावायचंच, नाहीतर गाजरगवत यायला कुणाची वाट बघत नाही.

गवत परत आणायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे ते काही दिवस सोडून देणं. पण इथं गाव-मेंढपाळ भांडणं लागतात म्हणून जरा थांबून सांगतो. पूर्ण डोंगराला चराईबंदी घातली तर ज्याच्याकडं जमीन नाही तो कुठं जाणार, तो शेजारच्या गावच्या डोंगरावर जाईल आणि तिथला डोंगर जाईल. हिवरे बाजारनं, राळेगणनं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून दाखवली हे खरं, पण त्याच्यामागं सगळ्या गावाचं एकमत आणि कापून न्यायला मिळणारं गवत होतं. आपल्याकडचे मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडं, दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि मृगाच्या सुमाराला परत येतात, म्हणजे परत येतात ते बरोबर गवताला कोंब फुटताना. तो पहिला महिना-दीड महिना सगळ्यात नाजूक, कोंब खाल्ला तर ठोंब साठवलेल्या ताकदीवर परत एकदा फुटतो, परत खाल्ला तर मरतो. म्हणून डोंगराचे तीन किंवा चार भाग करा, दरवर्षी एक भाग तुरे येऊन बी पडेपर्यंत पूर्ण बंद, दुसरा ऑगस्टनंतर उघडा, बाकीचे चालू, आणि पुढच्या वर्षी भाग बदलायचे. हे ग्रामसभेत मेंढपाळांना समोर बसवून ठरवा, हद्दी त्यांच्याकडनंच दाखवून घ्या, ओढा, सोंड, मोठा खडक अशा हद्दी त्यांना पटतात, कागदावरच्या नाही. कुसळीचा भाग ऑगस्टच्या आत, तुरा यायच्या आधी मेंढरांना खुला केला तर त्यांचं पण पोट भरतं आणि कुसळ पण कमी पडतं. आणि मेंढरं डोंगराचं खातात तशी लेंड्यांनी परत पण देतात, आपल्या शेतात बसवायला आपण पैसे मोजतो ते विसरून चालत नाही.

किती मेंढरं हा प्रश्न येतोच. ऑक्टोबरमधे एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाका, आतलं गवत कापा, वाळवा, वजन करा. जेवढे ग्रॅम त्याच्या दहापट किलो हेक्टरी. समजा दीडशे ग्रॅम भरलं तर हेक्टरी दीड हजार किलो. त्यातलं निम्मं डोंगरावर ठेवायचं, जमीन झाकायला आणि बियाला, राहिलं साडेसातशे. एक मेंढी दिवसाला साधारण किलोभर सुकं खाते, म्हणजे हेक्टरला पंचवीस मेंढ्या एक महिना. दहा-पंधरा चौकटींची सरासरी घ्या, एका चौकटीवर भरवसा नको.

बी पेरायचं असेल तर बाजारात शोधत फिरायच्या आधी आपल्याच डोंगरावर गोळा करा, कड्याच्या टप्प्यावर, देवळाच्या कुंपणात, जिथं जनावर पोचत नाही तिथं शेडा, डोंगरी, मारवेल टिकलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे तुरे ओरबाडून घ्या, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत ठेवा. ताजं बी लगेच पेरलं तर नीट उगवत नाही, त्याला झोप असते, पुढच्या मृगापर्यंत ठेवलं की ती मोडते. बी हलकं, केसाळ, वाऱ्यानं उडतं आणि मुंग्या नेतात, म्हणून माती, शेणखत आणि वाळू मिसळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, सावलीत वाळवा, आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर उघड्या जागांवर, दगडाच्या वरच्या अंगाला टाका. खोल पुरू नका, अर्धा-एक सेंटीमीटर माती पुरे. मारवेलचे ठोंब मिळाले तर बियापेक्षा ठोंब लावलेले बरे, राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलचे सुधारित वाण काढलेत, ते पायथ्याच्या खोल जमिनीला चांगले, माथ्यावर इथलंच रानटी बरं टिकतं.

गवत कापून नेणार असाल तर तुरे निम्मे आले की कापा, तेव्हा त्यात सत्त्व असतं, दिवाळीनंतरचं नुसतं काड असतं. चार बोटं ठोंब सोडून विळा मारा, जमिनीलगत नाही. प्रत्येक भाऱ्यामागं एक पट्टा बियासाठी उभा ठेवा.

वणव्याचं जानेवारी संपायच्या आत बघा. नवीन गवत लवकर यावं म्हणून पेटवायची जुनी सवय आहे, पण आपल्या पावसात त्यातनं होतं एवढंच की मे महिन्याच्या वळवाला जमीन साफ उघडी मिळते. रस्त्याकडेला आणि शेतांच्या बांधाला लागून दोन-तीन माणसं लांबीएवढी रुंद जाळरेषा काढा, म्हणजे तेवढा पट्टा आपणच आधी जाळून ठेवायचा, गवत आधी कापून घ्या, सकाळी वारा नसताना, पाणी आणि ओले डहाळे हाताशी ठेवून, आणि वनखात्याची हद्द असेल तर त्यांना आधी सांगून.

फरक कधी दिसेल म्हणाल तर पहिल्या वर्षी तेच गवत जरा उंच दिसतं, बाकी काही नाही, आणि इथंच बहुतेक गावांचा धीर सुटतो. दोन-तीन पावसाळ्यांनी उघडी जागा कमी व्हायला लागते. कुसळीत शेड्याचे ठोंब दिसायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि मधे दुष्काळाचं वर्ष आलं तर गाडी थांबते, मागं पण येते, तेव्हा बंद भाग उघडायचा का हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. दरवर्षी एकाच खडकावर उभं राहून, एकाच दिशेनं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक आणि मे महिन्यात एक असे दोन फोटो काढा, त्या खडकाला रंगाची खूण करून ठेवा म्हणजे फोटो काढणारा बदलला तरी जागा बदलणार नाही, आणि शंभर पावलांची मोजणी पण त्याच रेघांवर करा. पावसाची वही, मोजणीचे कागद आणि फोटो हे सगळं ग्रामपंचायतीत एका फाईलला लावा, त्याची एक प्रत शाळेत ठेवा.

कुणाला गवताचं नाव लागत नसेल तर तुरा, पान जिथं खोडाला मिळतं तो सांधा, आणि अख्खा ठोंब असे तीन फोटो टाका, नुसत्या हिरव्या उताराच्या फोटोवरनं सांगता येत नाही.